फोर्टातली हरवलेली दुकानं

मेसच्या भाजीचा कंटाळा आला की आपण मॉल गाठतो. खरेदी शून्य, एसी फुकट! पण एकाच छपराखाली सुईपासून सोफ्यापर्यंत सगळं मिळण्याची आयडिया काही 1999 साली क्रॉसरोड्स मॉलबरोबर मुंबईत आली नाही. त्याच्या शंभर वर्षं आधी फोर्टात अशी दुकानं होती. आज इमारती आहेत, पाट्या गेल्या.

सीएसएमटीला उतरून फाउंटनकडे चालत निघा. हा दादाभाई नौरोजी रोड, जुना हॉर्नबी रोड. ऊन असो, पाऊस असो, आपण कमानींखालून आरामात चालतो, कारण 1896 च्या नियमाप्रमाणे इथल्या प्रत्येक इमारतीला तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी कमानींची वाट सोडावी लागली. दुकानदारांचा यात फायदाच. माणूस सावलीत रेंगाळला की काचेतला माल बघणार, आणि बघितला की आत शिरणार. (आता त्याच कमानींखाली आपण चार्जर आणि सेकंडहँड पुस्तकं बघत रेंगाळतो.)

याच रस्त्यावर इव्हान्स फ्रेझर होतं आणि व्हाइटवे लेडलॉ होतं. व्हाइटवे 1882 साली कलकत्त्यात सुरू झालं आणि मग मुंबईत आलं. कपडे, टोप्या, बूट, घरसामान, सगळं एका ठिकाणी. भाव ठरलेले, घासाघीस नाही. आणि उधारी तर अजिबातच नाही! तेव्हाचे साहेब लोक महिनाअखेरीला चिठ्ठीवर बिल भरायचे, त्यामुळे या रोखीच्या हट्टावरून लोकांनी दुकानाचं नावच पाडलं, 'राइट अवे अँड पेड फॉर'. आपल्या कँटीनवाल्या काकांना हे नाव नक्की आवडेल.

काळा घोड्याजवळचं आर्मी अँड नेव्ही स्टोअर्स त्याहून वरचं. 1871 साली लंडनमध्ये काही लष्करी अधिकाऱ्यांनी घाऊक भावात वाइन मिळावी म्हणून सहकारी सोसायटी काढली, तिची ही 1891 ची मुंबई शाखा. म्हणजे चक्क साहेबांची ग्राहक सोसायटी. फक्त सभासदत्व वाटेल त्याला नव्हतं. गंमत म्हणजे क्रॉसरोड्सनेही सुरुवातीला मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड नसलेल्यांकडून प्रवेशाचे 60 रुपये मागितले होते.

पण ही नुसती शॉपिंगची गोष्ट नाही. व्हाइटवेच्या काचेत मँचेस्टरचा कपडा, आणि तिकडे गिरणगावात आपल्या गिरण्या. 1905 च्या स्वदेशी चळवळीत टिळकांसारख्यांच्या पाठिंब्याने बॉम्बे स्वदेशी स्टोअर्स निघालं. 31 जुलै 1921 ला परळला गांधीजींनी परदेशी कपड्यांची होळी केली. 12 डिसेंबर 1930 ला परदेशी कापडाचा ट्रक अडवताना बाबू गेनू गेला. गिरणीकामगार होता तो. आम्हाला शाळेत हे सगळं इंग्रजीतून दोन मार्कांसाठी होतं. त्या रस्त्यावर उभं राहिलं की दोन मार्क कमीच वाटतात.

1947 नंतर गिऱ्हाईकच बोटीने घरी गेलं, आयातीवर बंधनं आली, आणि ही दुकानं मिटली. व्हाइटवेच्या इमारतीत काय आलं माहितीये? खादी भांडार! याहून चांगला सूड कुठल्या सिनेमात सापडणार नाही. पण तिथेही शेवट गोड नाही. 1954 पासून ते चालवणाऱ्या संस्थेचं प्रमाणपत्र खादी आयोगाने 2022 मध्ये रद्द केलं. कारण दिलं, खादी नसलेला माल विकल्याचं.

आता सिव्हिलवाल्यांसाठी. आर्मी अँड नेव्हीच्या शेजारी एस्प्लनेड मॅन्शन आहे, म्हणजे जुनं वॉटसन हॉटेल. जॉन वॉटसन मूळचा कापडवाला. त्याला आधी इथे कापडाची शोरूमच हवी होती, हॉटेल नंतर सुचलं. रोलंड मेसन ऑर्डिशने डिझाइन केलेले ओतीव लोखंडाचे खांब आणि तुळया इंग्लंडमध्ये बनवून बोटीने आणल्या आणि 1860 च्या दशकात इथे जोडल्या. सगळा भार सांगाड्यावर, विटा नुसत्या भरायला. भिंतींवर भार नाही म्हणून खिडक्या हव्या तेवढ्या मोठ्या आणि आत मोकळी जागा. दुकानदाराला दुसरं काय हवं! फक्त ओतीव लोखंड दाबाला भक्कम, ताणाला ठिसूळ, आणि वर आपला खारा वारा. 2019 मध्ये इमारत रिकामी केली. आयआयटी मुंबईच्या अहवालाने पाडायचा सल्ला दिला, तर संवर्धनातले इंजिनिअर म्हणाले, दुरुस्त होईल. मला दुसरा पक्ष पटतो. असा सांगाडा आपल्याला पुस्तकातल्या आकृतीत बघावा लागतो, इथे तो रस्त्यावर उभा आहे. पुढच्या सबमिशननंतर जाऊन बघा, लोकल आणि वडापावच्या खर्चात होतं.