डबा कुठून घ्यायचा?

कॅडेट मित्रांनो, मी या शाळेचा माजी विद्यार्थी. नोकरीनिमित्त गेली काही वर्षे बेंगळुरूच्या मारतहळ्ळी भागात राहतो. गेल्या मे महिन्यात माझा पुतण्या सुट्टीसाठी आमच्याकडे आला होता. तो अकरावीत आहे, तुमच्यासारखाच कॅडेट आणि क्रॉस कंट्रीच्या संघातला. बॅग खाली ठेवल्या ठेवल्या त्याने विचारले, "काका, इथे प्रोटीन पावडर चांगली कुठे मिळते?"

बॅगेतून त्याने प्लॅस्टिकची एक छोटी पिशवी काढली. आत गुलाबीसर भुकटी होती. गावच्या जिममधल्या एका मित्राने दिली होती. धावायच्या आधी एक चमचा पाण्यात घालून घ्यायची, म्हणजे दम लागत नाही, असे त्याला सांगितले होते.

"यात काय आहे?" मी विचारले.

"एनर्जीसाठी आहे, काका."

"ते कळलं. पण आहे काय?"

त्याला सांगता येईना. पिशवीवर नाव नव्हते, तारीख नव्हती, कोणी बनवली तेही नव्हते. मी ती भुकटी बेसिनमध्ये ओतली. तो दिवसभर माझ्याशी बोलला नाही. त्याचा राग मला समजत होता, कारण त्याच्याहून मोठी चूक मी स्वतः केलेली आहे.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका जिममध्ये जात असे. तिथल्या ट्रेनरने "बाहेरच्या निम्म्या किमतीत" परदेशी डबा आणून दिला. बिल मागायला मला संकोच वाटला. तो डबा सुरू केल्यापासून रात्री झोप येईना, छातीत धडधड व्हायची. डॉक्टरांनी विचारले, "काय घेताय?" मी डबा नेऊन दाखवला. त्यावर आयातदाराचे नावच नव्हते. ट्रेनरने ज्या दुकानातून तो आणला होता तिथे मी गेलो, तर त्या जागी मोबाइलची कव्हरे विकणारा बसला होता. तक्रार करायची तर कोणाविरुद्ध? माझ्या हातात एक कागदसुद्धा नव्हता.

हा लेख त्या कागदाविषयी आहे.

शाळेतले स्टोअर आठवा. बूट असो, बेल्ट असो की ब्लँकेट, नोंद आणि सही झाल्याशिवाय एकही वस्तू हातात पडत नाही. त्यामुळे वस्तू खराब निघाली तर ती कोणत्या खेपेतली, कोणी पुरवली, हे मागे मागे जाऊन शोधता येते. पोटात जाणाऱ्या पावडरीला आपण निदान बेल्टइतका तरी नियम लावायला नको का?

मला गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी काही महिने प्रथिने वाढवायला सांगितली होती. डबा संपत आला होता, म्हणून एका रविवारी मी पुतण्याला बरोबर घेऊन निघालो. मारतहळ्ळीत अशा वस्तूंचा तुटवडा नाही. आउटर रिंग रोड आणि वर्तूर रस्ता जिथे भेटतात त्या पुलाच्या आसपास फॅक्टरी आउटलेट, जिम, पीजी आणि कंपन्यांत काम करणारी तरुण मंडळी यांची दाटी आहे. जिथे जिम तिथे डबे. मी पुतण्याला म्हटले, "आज तू इन्स्पेक्शनला आलायस असं समज."

पहिले दुकान फक्त सप्लिमेंटचे. काचेच्या दाराशी, थेट उन्हात, डब्यांचा मनोरा रचलेला. मी परवान्याविषयी विचारले, तर मालकाने किंमत आणखी कमी केली. पुतण्या बाहेर आल्यावर हसत म्हणाला, "काका, त्याने उत्तरच दिलं नाही." हेच टिपायचे. परवान्याच्या प्रश्नाला उत्तर म्हणून सवलत मिळाली, तर त्या दुकानातून बाहेर पडावे.

भारतात अन्नपदार्थ विकणाऱ्याला अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, म्हणजे एफएसएसएआयचा परवाना किंवा नोंदणी लागते. सप्लिमेंट हे औषध नसून कायद्याने अन्नच आहे, त्यामुळे औषध दुकानालाही ती विकण्यासाठी हा वेगळा परवाना हवा. परवान्याचा क्रमांक १४ अंकी असतो. दुकानाने तो दिसेल असा लावायचा असतो, आणि १ जानेवारी २०२२ पासून तो बिलावर छापणेही बंधनकारक आहे. डब्यावर बनवणाऱ्याचा किंवा आयातदाराचा क्रमांक वेगळा असतो. हे क्रमांक प्राधिकरणाच्या 'फॉसकॉस' या संकेतस्थळावर टाकले की परवाना कोणाच्या नावावर आहे आणि चालू आहे की नाही, ते दिसते. पुतण्याने फोनवर हे दोन मिनिटांत केले.

दुसरे ठिकाण औषधांचे दुकान. तिथे प्रकार दोनच होते, किंमतही पूर्ण, पण बिल न मागता मिळाले आणि त्यावर बॅच क्रमांकही होता. तिसरे होते मोठे सुपरमार्केट. माल थंड जागेत, बिल पक्के. मात्र एका डब्याची मुदत संपायला महिनाच उरला होता. सवलत का आहे, ते तारीख पाहिल्यावर कळते.

ऑनलाइन घेणाऱ्यांनी संकेतस्थळाच्या मोठ्या नावावर विसंबून राहू नये. तिथे प्रत्यक्ष विक्रेता वेगळाच असू शकतो. त्याचे नाव खाली बारीक अक्षरात असते. तो कंपनीचा अधिकृत विक्रेता आहे का, हे कंपनीच्याच यादीत पाहावे.

डबा हातात आल्यावर काय पाहायचे, याची आम्ही चालता चालता यादी केली. झाकणाभोवतीचे कडे अखंड असावे आणि आतली चकतीसारखी सीलही. बॅच क्रमांक व तारखा खोडलेल्या किंवा वरून चिकटवलेल्या नसाव्यात. परदेशी मालावर भारतातील आयातदाराचे नाव आणि पूर्ण पत्ता हवा. खरवडून पाहायचा सांकेतिक क्रमांक असेल, तर डब्यावरचा चौकोनी कोड स्कॅन करण्याऐवजी कंपनीचा पत्ता स्वतः टाइप करून तो तपासावा. नकली डबा छापणारा नकली संकेतस्थळाचा कोडही छापू शकतो. आणि डबा संपला की लेबल फाडून, डबा चेपूनच भंगारात द्यावा. अखंड रिकाम्या डब्यात दुसरे काही भरून तो पुन्हा बाजारात येऊ शकतो.

पुतण्याने एक चांगला प्रश्न विचारला. "डब्यावर २४ ग्रॅम प्रोटीन लिहिलंय. ते खोटं कसं असेल? तपासत असतीलच ना?"

तपासतात, पण कसे, ते माहीत हवे. प्रथिनांत नायट्रोजन असतो. नेहमीच्या चाचणीत पदार्थातला नायट्रोजन मोजतात आणि त्याला साधारण ६.२५ ने गुणून प्रथिनांचा आकडा काढतात. म्हणजे नायट्रोजन असलेली दुसरी एखादी स्वस्त वस्तू मिसळली, तरी आकडा फुगतो. २००८ मध्ये चीनमध्ये दुधाच्या भुकटीत मेलामाइन मिसळले गेले ते याच युक्तीने, आणि त्यात लहान मुलांचे बळी गेले. प्रोटीन पावडरीत ग्लायसिन, टॉरीन अशी स्वस्त द्रव्ये घालून तोच खेळ करता येतो. भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रोटीन पावडरींवरचा एक अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या सुमारे ७० टक्के डब्यांवरचा आकडा आतल्या मालाशी जुळत नव्हता. घरी पावडरीवर आयोडीनचा थेंब टाकून पाहणारे आहेत. त्याने पिठाची भेसळ कळते, बाकी काही कळत नाही.

कमी प्रथिने मिळाली तर पैसे गेले, इतकेच. जास्तीचे काही मिळाले तर आयुष्याची वाट बदलू शकते. कॅडेटसाठी खरा धोका तो आहे. डीएमएए नावाचे उत्तेजक द्रव्य एके काळी 'धावण्याआधी घ्या' म्हणून विकल्या जाणाऱ्या पावडरींत सर्रास असे. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेच्या तोंडावर काही भारतीय खेळाडू याच द्रव्यासाठी दोषी ठरले. डिसेंबर २०११ मध्ये, दोन सैनिकांच्या मृत्यूनंतर, अमेरिकी सैन्याने आपल्या तळांवरच्या दुकानांतून हे द्रव्य असलेली उत्पादने उचलली. म्हणजे तोवर ती खुद्द लष्करी तळावरच्या दुकानात, बिलासह मिळत होती. चांगले दुकान आवश्यक आहे, पण पुरेसे नाही.

आपल्या शेजारच्या कर्नाटकचेच उदाहरण पाहा. अश्विनी अक्कुंजीने २०१० च्या ग्वांगझू एशियाडमध्ये ४०० मीटर अडथळ्यांची शर्यत आणि ४ × ४०० मीटर रिले अशी दोन सुवर्णपदके मिळवली. पुढच्याच वर्षी ती आणि तिच्या काही सहकारी धावपटू उत्तेजक चाचणीत अडकल्या. प्रशिक्षकाने दिलेल्या जिनसेंगमधून ते द्रव्य शरीरात गेले, असे त्यांचे म्हणणे होते. तरी आधी एक वर्षाची बंदी आली आणि २०१२ मध्ये क्रीडा लवादाने ती दोन वर्षांची केली. मुंबईच्या पृथ्वी शॉला २०१९ मध्ये खोकल्याच्या औषधातल्या टर्ब्युटालिनमुळे आठ महिने बाहेर बसावे लागले. नियम सरळ आहे : शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची. 'मला माहीत नव्हते' म्हटल्याने शिक्षा फार तर कमी होते, डाग जात नाही.

म्हणून शालेय, राज्य किंवा खेलो इंडिया पातळीवर उतरणाऱ्यांनी कोणतेही औषध घेण्यापूर्वी राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या, म्हणजे नाडाच्या, 'नो युअर मेडिसिन' या अ‍ॅपवर त्याचे नाव तपासावे. सप्लिमेंट घ्यावेच लागले तर 'इन्फॉर्म्ड स्पोर्ट'सारखे चिन्ह असलेले, बॅच तपासलेलेच घ्यावे. त्याने धोका कमी होतो, शून्य होत नाही.

आम्ही घरी आलो. माझा डबा मी औषधाच्या दुकानातूनच घेतला होता. पुतण्या म्हणाला, "आणि माझा?"

मी कागद-पेन्सिल पुढे केली. "मेसमध्ये दिवसभरात काय खातोस ते लिही."

त्याने लिहिले : दोन अंडी, १२ ग्रॅम. दोन ग्लास दूध, १६. दोन वाट्या घट्ट वरण, १४. सहा पोळ्या, १८. भात, ५. मूठभर शेंगदाणे, ७. बेरीज ७२.

त्याचे वजन ५८ किलो. १६ ते १८ वर्षांच्या मुलांसाठी आयसीएमआरने २०२० मध्ये दिलेली शिफारस दिवसाला सुमारे ५५ ग्रॅमची आहे. कसून सराव करणाऱ्या प्रौढ खेळाडूंसाठी वजनाच्या प्रत्येक किलोमागे १.२ ते २ ग्रॅम सांगतात. त्यातला खालचा आकडा धरला तरी ७० होतात. मेसचे ताट रिकामे केले, तर डबा आधीच मिळालेला आहे. आयसीएमआरच्या २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शनातही स्नायू वाढवण्यासाठी प्रोटीन सप्लिमेंट टाळा असेच म्हटले आहे.

"पण मी वरण एकच वाटी घेतो," तो हळूच म्हणाला. "आणि शेंगदाणे मित्राला देतो."

तर दुखणे हे होते! अंडी न खाणाऱ्यांना भाजलेले चणे, सोयाबीन, पनीर, ताक-सत्तू असे कितीतरी मार्ग आहेत. ५० ग्रॅम चण्यांत सुमारे १० ग्रॅम प्रथिने मिळतात, आणि चणे नकली बनवून कोणाला परवडत नाहीत.

पालकांना एक विनंती. मुलाने पावडर मागितली तर रागावू नका आणि लगेच पैसेही देऊ नका. आधी ताट विचारा, मग डॉक्टरांना विचारा आणि शाळेतल्या पीटी इन्स्ट्रक्टरांना कळवा. त्यानंतरही घ्यायचेच ठरले तर दुकान असे निवडा, जे आपला परवाना क्रमांक छापून बिल देईल आणि पुढच्या महिन्यातही त्याच जागी असेल. डबा संपेपर्यंत बिल जपा, त्यावरचा बॅच क्रमांक डब्याशी जुळतो का पाहा. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे; पण तिथेही पहिला प्रश्न बिलाचाच येतो.

जूनमध्ये पुतण्या शाळेत परतला. निघताना बॅगेत चण्यांची पुरचुंडी होती. मी विचारले, "याचं बिल घेतलंस का?" त्याने खिशातून किराणा दुकानाची चिठ्ठी काढून दाखवली आणि कडक सॅल्यूट ठोकला.