महागड्या पेट्रोलचा मोह

सकाळची घाईची वेळ असते. पेट्रोल पंपावर दुचाक्यांची रांग लागलेली असते. आपला क्रमांक येतो, आपण टाकीचे झाकण उघडतो आणि पंपावरचा मुलगा विचारतो, “काका, प्रीमियम टाकू ना? गाडीला चांगलं असतं.” हा प्रश्न अशा स्वरात विचारला जातो, की ‘नको’ म्हणणे म्हणजे मागे ताटकळलेल्या दहा जणांसमक्ष आपला चिक्कूपणा कबूल करण्यासारखे वाटते. पुष्कळजण मग मान हलवून मोकळे होतात. आमच्या शेजारचे एक निवृत्त शिक्षक गेली तीन वर्षे आपल्या जुन्या स्कूटरमध्ये हेच महागडे पेट्रोल भरीत आहेत. “गाडी म्हातारी झाली, आता तिला सकस अन्न हवे,” असे त्यांचे म्हणणे. माणसाच्या बाबतीत योग्य असलेला हा न्याय यंत्रालाही लागू पडतो काय, हे एकदा शांतपणे तपासून पाहायला हवे.

या साऱ्या गैरसमजाच्या मुळाशी ‘ऑक्टेन’ हा शब्द आहे. ९५ ऑक्टेन, ९७ ऑक्टेन, १०० ऑक्टेन असे आकडे वाचले की जितका आकडा मोठा तितकी पेट्रोलची ताकद अधिक, असा समज सहजच होतो. वस्तुतः ऑक्टेनचा आणि ताकदीचा तसा थेट संबंध नाही. इंजिनात पेट्रोलची वाफ व हवा यांचे मिश्रण दाबले जाते आणि नेमक्या क्षणी ठिणगी पडून ते पेटते. दाब व उष्णता यांमुळे त्यातला काही भाग ठिणगीची ज्योत पोचण्यापूर्वीच आपोआप पेटला, तर इंजिनातून ठकठक असा आवाज येतो. मेकॅनिक लोक त्यालाच ‘नॉकिंग’ म्हणतात. असे अवेळी पेटणे टाळण्याची पेट्रोलची क्षमता म्हणजे ऑक्टेन. आयसो-ऑक्टेन या द्रव्याला १०० आणि हेप्टेनला ० गुण देऊन ही मोजपट्टी तयार झाली. तात्पर्य, ऑक्टेन हा पेट्रोलच्या सामर्थ्याचा नव्हे, तर त्याच्या संयमाचा आकडा आहे.

हा संयम ज्या इंजिनाला लागतो त्यालाच त्याचा उपयोग. ज्या मोटारींची व मोटारसायकलींची इंजिने मिश्रण फार जोराने दाबतात, किंवा ज्यांत टर्बोचार्जर असतो, त्यांना वरच्या ऑक्टेनचे पेट्रोल खरोखरच हवे असते. परंतु कचेरीत जाण्या-येण्यासाठी आपण जी साधी स्कूटर वापरतो, तिच्या इंजिनाचा दाब बेताचाच असतो. साध्या पेट्रोलवर जे इंजिन ठोके देत नाही, त्याला अधिक ऑक्टेन पाजणे म्हणजे तहान भागलेल्याला आग्रहाने पाणी पाजण्यासारखेच आहे.

हे केवळ तर्काने म्हटलेले नाही. अमेरिकन ऑटोमोबाईल असोसिएशन या मोटारमालकांच्या संघटनेने २०१६ साली साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या मोटारी महागड्या पेट्रोलवर चालवून पाहिल्या. शक्ती, इंधनाची बचत आणि धूर या तिन्ही बाबतींत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. गरज नसताना असे पेट्रोल भरून अमेरिकन ग्राहकांनी एका वर्षात २.१ अब्ज डॉलर वाया घालवले, असा हिशेब त्या संघटनेने मांडला. पुढल्या वर्षी तिने ज्या गाड्यांना वरच्या ऑक्टेनची शिफारस आहे, पण सक्ती नाही, अशा गाड्या तपासल्या. त्यांतही इंधनाची बचत सरासरी २.७ टक्केच निघाली.

आता आपल्या खिशाचा हिशेब पाहू. साधे पेट्रोल १०४ रुपये आणि प्रीमियम ११२ रुपये लिटर असे धरून चालू. हा फरक सुमारे पावणेआठ टक्क्यांचा झाला. तो भरून यायचा तर लिटरला ५० किलोमीटर चालणारी स्कूटर जवळजवळ ५४ किलोमीटर चालायला हवी. साध्या स्कूटरच्या बाबतीत ही अपेक्षा केवळ भाबडी आहे. रोज ३० किलोमीटर आणि महिन्याचे २५ दिवस गाडी चालवणाऱ्याला महिन्याला १५ लिटर पेट्रोल लागते, म्हणजे वर्षाला १,४४० रुपये जादा जातात. तेवढ्या पैशांत स्कूटरचे इंजिन ऑईल वर्षातून दोनदा तरी बदलून होईल, आणि त्याने गाडीचे आयुष्य नक्की वाढेल. शिवाय या जादा पैशांतला काही भाग सरकारकडे जातो. ब्रँडेड पेट्रोलवर केंद्राचे उत्पादन शुल्क साध्याहून अधिक ठेवलेले आहे आणि राज्याचा मूल्यवर्धित कर टक्केवारीने आकारला जात असल्यामुळे भाव चढला की तोही चढतो.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. प्रीमियम पेट्रोलमध्ये इंजिनाच्या आतली काजळी धुऊन काढणारी द्रव्ये मिसळलेली असतात, असे तेल कंपन्या सांगतात, आणि अशी द्रव्ये निरुपयोगी नसतात. वर उल्लेख केलेल्या संघटनेनेच २०१६ मध्ये दाखवून दिले, की चांगली स्वच्छक द्रव्ये असलेल्या पेट्रोलमुळे इंजिनातील काजळी सरासरीने १९ पटींनी कमी साचली. परंतु हा गुण त्या द्रव्यांचा आहे, ऑक्टेनच्या आकड्याचा नव्हे. तेवढ्यासाठी कोणाला अधूनमधून एखादी टाकी प्रीमियमची भरावीशी वाटली, तर त्याला हसण्याचे कारण नाही. तिन्ही त्रिकाळ तेच भरण्याला मात्र आधार नाही.

खरे तर आपल्याकडे हा प्रश्न आता निराळ्याच वळणावर येऊन ठेपला आहे. २०२५ पासून देशभर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल हेच साधे पेट्रोल झाले. इथेनॉलचे ऑक्टेन मुळातच फार वरचे. त्यामुळे पूर्वी ९१ असलेले साध्या पेट्रोलचे ऑक्टेन या मिश्रणाने ९५ वर गेले, असा खुलासा खुद्द पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये केला. तो प्रमाण मानला, तर ‘९५ ऑक्टेन’ म्हणून जादा पैसे मागणाऱ्या पेट्रोलने साध्यापेक्षा त्या बाबतीत अधिक काय दिले, हा प्रश्न कोणीही विचारील.

इथेनॉलमध्ये ऊर्जा मात्र पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांशच असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच म्हटले होते, की या मिश्रणामुळे जुन्या धाटणीच्या दुचाकींचे मायलेज ३ ते ४ टक्क्यांनी आणि मोटारींचे ६ ते ७ टक्क्यांनी घटेल. ऊर्जा कमी म्हणून अशा इंधनाचा भावही कमी असावा, असे त्याच अहवालात सुचवले होते. ते काही घडले नाही. इथेनॉलचा खरेदीभावच चढा आहे, असे सरकारचे म्हणणे. उसाच्या पट्ट्यातील कारखान्यांना या धोरणाने आधार दिला आणि परकीय चलन वाचले, हे मान्यच करायला हवे. पण त्या लाभाची किंमत जुनी गाडी वापरणारा सामान्य माणूस मोजतो, हेही तितक्याच मोकळेपणाने मान्य करायला हवे.

आणि इथेच आमच्या शेजारच्या गुरुजींची फसगत होते. गाडी पूर्वीसारखी ‘पडत’ नाही, असे त्यांना जाणवते. ते त्यांचे जाणवणे खोटे नाही. त्यावर उपाय म्हणून ते महागडे पेट्रोल घेतात. परंतु ९५ ऑक्टेनचे प्रीमियम पेट्रोलही इथेनॉलमिश्रितच असते. जे हरवले ते तेथे मिळत नाही. १०० ऑक्टेनचे पेट्रोल मोजक्या पंपांवर आणि साध्याहून कितीतरी महाग मिळते, तेव्हा तो काही पेन्शनवर जगणाऱ्याचा पर्याय नव्हे.

ब्रिटनमध्ये सुपरमार्केटच्या आवारातील पंपांवर पेट्रोल स्वस्त मिळते आणि ते ‘हलके’ असते अशी कुजबुज तेथेही चालते. पण स्वस्त असो वा महाग, प्रत्येक थेंबाला एकच प्रमाण लागू आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये तेथे १० टक्के इथेनॉलचे पेट्रोल सर्रास झाले, तेव्हा जुन्या गाड्यांसाठी ५ टक्क्यांचे पेट्रोल ‘सुपर’ या महाग प्रतीत शिल्लक ठेवले गेले. महाग का होईना, पण पर्याय ठेवला आणि त्याचे कारण सांगितले. आपल्याकडे महाग प्रत आहे, पण ती नेमकी कोणासाठी हे कोणी सांगत नाही.

साध्या पेट्रोलवरचा लोकांचा विश्वास मुळात का उडाला, याचेही उत्तर शोधले पाहिजे. रॉकेल मिसळलेल्या पेट्रोलने इंजिने ठोके देत, ही आठवण फार जुनी नाही. ही भेसळ रोखू पाहणाऱ्या अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जानेवारी २०११ मध्ये मनमाडजवळ पानेवाडी येथे दिवसाढवळ्या जिवंत जाळण्यात आले. शुद्ध पेट्रोल हा ग्राहकाचा साधा हक्क आहे, आणि त्या हक्कासाठी एका अधिकाऱ्याने प्राण दिले आहेत. जादा पैसे भरणाऱ्यालाच शुद्धतेची खात्री मिळावी, हा विचारच मुळात चुकीचा आहे.

तेव्हा ग्राहकाने काय करावे? गाडीसोबत मिळालेली पुस्तिका काढून पाहावी. तीत जे ऑक्टेन लिहिले असेल तेवढे पुरे. शंका आली तर पंपावर गाळणकागदाची चाचणी, घनता आणि पाच लिटरचे प्रमाणित माप मागावे. ते मागणे हा आपला अधिकार आहे. आणि सरकारने काय करावे? प्रत्येक नळीवर ऑक्टेन व इथेनॉलचे प्रमाण ठळक मराठीत लिहिण्याची सक्ती करावी, आणि कमी ऊर्जेच्या इंधनाला कमी भाव, ही आपल्याच आयोगाची सूचना फडताळातून बाहेर काढावी.

गुरुजींना हे सारे सांगितले, तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “म्हणजे तीन वर्षे मी आकड्याचेच पैसे भरले म्हणायचे.” दुसऱ्या दिवशी ते स्कूटर घेऊन मेकॅनिककडे गेले. ऑईल बदलले, हवेची जाळी साफ करून घेतली आणि साधेच पेट्रोल भरून घरी आले.