चिखलातला चर आणि संगणकातली भूमिती

भातलावणीच्या दिवसांत शेणव्याच्या आसपासच्या कोणत्याही खाचरात हा प्रयोग करता येईल. ३ सेंटिमीटर त्रिज्येचा गुळगुळीत चेंडू निम्मा चिखलात दाबा आणि न फिरवता सरळ ओढा. मागे अर्धगोल तळाचा चर उरतो. चेंडूवरच्या नेमक्या कोणत्या बिंदूंनी ही भिंत घडवली?

पुढचे बिंदू नव्या चिखलात घुसतात, पण तिथला चिखल पुढच्याच क्षणी हटतो. मागचे बिंदू चिखल सोडून निघतात. भिंत घडवतात ते मधले बिंदू. तिथे पृष्ठभागावरचा लंब गतीच्या दिशेशी काटकोन करतो. चेंडूवर हे बिंदू एका वर्तुळात येतात. चेंडूऐवजी दुधी भोपळा घेऊन तो ओढताना पिळतही नेला, तर प्रत्येक बिंदूचा वेग निराळा. वर्तुळाच्या जागी वाकडी रेषा येते आणि ती क्षणोक्षणी बदलते. काटकोनाचा नियम मात्र टिकतो.

कारखान्यात पोलादी ठोकळ्यात साचा कोरणारे हत्यार हेच करते. कोरलेला पृष्ठभाग कसा निघेल, हे संगणकाने आधीच अचूक सांगायला हवे. नुसते चित्र डोळ्यांना पटून भागत नाही. ठोकळा वाया जातो.

आता चेंडू वळवा. त्याचा मध्य १० सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळावर फिरला, तर चराची आतली कड केंद्रापासून ७ सेंटिमीटरवर येईल. वळण २ सेंटिमीटरचे केले तर? वजाबाकी -१ येते. म्हणजे काटकोनाच्या नियमाने मिळालेल्या भिंतीचा काही भाग चेंडू स्वतःच पुसून टाकतो. तो भाग गणितातून छाटायचा कसा, हा खरा पेच.

मुंबईच्या आयआयटीतील मिलिंद सोहोनी, भरत अडसूळ आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात यावर उत्तर दिले. (सोहोनींचे नाव ठाणे जिल्ह्यात काहींनी वेगळ्याच कामासाठी ऐकले असेल. आयआयटीच्या 'सितारा' केंद्रातर्फे त्यांनी ग्रामीण पाणीपुरवठ्याचाही अभ्यास केला आहे.) नियमाने मिळालेल्या प्रत्येक बिंदूसाठी त्यांनी एक संख्या काढली, तिला थीटा म्हटले. थीटा सगळीकडे धन असेल, तर गतीचे पुरेसे लहान तुकडे पाडावेत. एकेका तुकड्यात चर स्वतःला खात नाही. कुठे ऋण असेल, तर तिथे तुकडा कितीही लहान घेतला तरी खातोच. थीटा शून्य होते तिथे पृष्ठभागाचा गुळगुळीतपणा मोडतो. पूर्वीच्या पद्धतीत एकेक बिंदू तपासत बसावे लागे. त्यापेक्षा ही वाट मला जास्त भरवशाची वाटते.

शेवटी चेंडूने मोठ्ठा ४ काढून पाहा. वळण कुठेही अरुंद नाही, थीटा धनच, तरी चर स्वतःला छेदतो, कारण बऱ्याच आधी खणलेल्या जागी चेंडू परत येतो. इथे दूरदूरच्या दोन क्षणांचे पृष्ठभाग घेऊन ते एकमेकांना कुठे छेदतात हे शोधावेच लागते, आणि संगणकाचा बराच वेळ त्यातच जातो.