परसातून टिपलेला तेजोमेघ

पौष-माघाच्या रात्री मृगनक्षत्र वर आले म्हणजे त्याच्या पोटातील तीन ताऱ्यांचा बाण लहान मुलेही ओळखतात. त्या बाणाच्या थोडे दक्षिणेस एक धुरकट ठिपका दिसतो. तो तेजोमेघ असून आपल्यापासून सुमारे १,३५० प्रकाशवर्षे दूर आहे. म्हणजे बदामीला चालुक्य राज्य करीत होते तेव्हा निघालेला प्रकाश आज आपल्या डोळ्यांत शिरतो आणि, खरे सांगायचे तर, तेथे बराचसा वाया जातो. कारण डोळ्याला साठवण ठाऊक नाही. अंधाराला तो एकदा सरावला, की पुढे तासभर टक लावूनही अधिक काही दिसत नाही. छायाचित्राची काच मात्र भिशीच्या पेटीसारखी. पडेल तो कण जमा करीत राहते.

हे सामर्थ्य नीट ओळखले ते लंडनजवळच्या ईलिंग येथील अँड्र्यू कॉमन यांनी. हे गृहस्थ पेशाने सांडपाण्याच्या कामाचे इंजिनियर, कोणत्याही वेधशाळेचे नोकर नव्हेत. घराच्या बागेत त्यांनी ३६ इंची आरशाची दुर्बीण उभारली होती. अमेरिकेत हेन्री ड्रेपर यांनी १८८० साली ५१ मिनिटे काच उघडी ठेवून याच मेघाचे पहिले छायाचित्र घेतले होते. कॉमन यांनी ३० जानेवारी १८८३ रोजी ३७ मिनिटांत जे चित्र घेतले, त्यात डोळ्यांना न दिसणारे तारेही उमटले. पुढच्याच वर्षी रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिले.

३७ मिनिटे हा काळ लहान वाटतो खरा. पण तेवढ्यात पृथ्वी सव्वानऊ अंश फिरते, म्हणजे शेजारी शेजारी मांडलेली अठरा चंद्रबिंबे आकाशातून सरकतात! तितका वेळ दुर्बीण घड्याळी यंत्राने ताऱ्यामागे अचूक फिरली पाहिजे. जरा अडखळली, की ताऱ्याची रेघ झालीच.

आणि थंडी? ती छळते तशी उपयोगीही पडते. आरसा भोवतालच्या हवेहून गरम असला तर त्यावरून वाफेसारखे प्रवाह उठतात आणि तारे थरथरतात. म्हणून तो आधी निववावा लागतो. आज काचेच्या जागी विद्युत्संवेदक आला आहे. त्यात उष्णतेने आपोआप खोटे ठिपके उमटतात, पण तापमान सुमारे सहा अंशांनी उतरले की ही पीडा साधारण निम्मी होते. उलट, उघड्या आकाशाखाली भिंग हवेहूनही गार होते आणि त्यावर दव धरते. यासाठी हौशी लोक भिंगाभोवती ऊब देणारी पट्टी गुंडाळतात.

आपल्यापैकी कोणाकडे साधा कॅमेरा व तिवई असेल, तर ५० मिलिमीटरच्या भिंगाने आठ-दहा सेकंदांचे पुष्कळ फोटो घ्यावेत आणि संगणकावर त्यांची बेरीज करावी. भिशी तीच, हप्ते लहान. परस मात्र शहरातले नको. रस्त्यावरचे दिवेही त्याच पेटीत जमा होतात. गावाकडे एखादे आप्त असतील, तर अमावास्येच्या सुमारास त्यांच्याकडे मुक्कामाला जावे आणि घोंगडी विसरू नये.