माफी मागायला दारापर्यंत जावं लागतं

समजा, सकाळी तुम्ही अंगणात आलात आणि बघता तर गाडीचे टायर फाडलेले. शेजारच्यांच्या खिडकीची काच फुटलेली. दुपारपर्यंत कळतं, की हे गावातल्याच दोन मुलांचं काम आहे.

तुम्हाला काय हवं असेल? पोरांना चांगली अद्दल घडावी, असं आधी वाटेल. ते साहजिकच आहे. पण राग थोडा निवळला, की आणखी दोन गोष्टी हव्याशा वाटतील. एक, नुकसानीचे पैसे. दुसरी, एका प्रश्नाचं उत्तर: ‘माझीच गाडी का? माझ्यावर काही राग होता का?’

आता दुसरी बाजू बघा. त्या दोन मुलांपैकी एक तुमच्याच घरातला असेल तर?

या दोन्ही बाजूंचा एकत्र विचार करणाऱ्या पद्धतीला ‘रिस्टोरेटिव्ह जस्टिस’ म्हणतात. मराठीत आपण तिला ‘पुनर्स्थापक न्याय’ म्हणू शकतो. म्हणजे जे मोडलं, ते शक्य तितकं पुन्हा जोडून देणारा न्याय.

एका रात्रीची गोष्ट

कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात एल्मायरा नावाचं एक छोटं गाव आहे. आजूबाजूला सगळी शेती. १९७४ मध्ये तिथल्या १८ आणि १९ वर्षांच्या दोन मुलांनी दारूच्या नशेत एका रात्रीत २२ ठिकाणी तोडफोड केली. गाड्यांचे टायर फाडले, खिडक्या फोडल्या, कुणाची बोटही सोडली नाही.

दोघांनी गुन्हा कबूल केला. नेहमीच्या पद्धतीने प्रकरण तिथेच संपलं असतं. पण मार्क यांत्झी नावाच्या प्रोबेशन अधिकाऱ्याला एक वेगळीच कल्पना सुचली. या मुलांनी ज्यांचं नुकसान केलं, त्या लोकांना प्रत्यक्ष भेटलं तर? न्यायाधीश गॉर्डन मॅक्कॉनेल सुरुवातीला तयार नव्हते. मग त्यांनी शिक्षा महिनाभर पुढे ढकलली आणि सांगितलं, आधी घरोघरी जा.

यांत्झी आणि त्यांचे सहकारी डेव्ह वर्थ वही घेऊन जरा लांब उभे राहत. मुलांनी स्वतः पुढे जायचं, दार वाजवायचं आणि सांगायचं, ‘ते आम्ही केलं.’ मग समोरच्याचं ऐकून घ्यायचं आणि किती नुकसान झालं ते विचारायचं. गाव सोडून गेलेले काहीजण वगळता बाकीच्यांची दारं त्यांनी वाजवली.

शिक्षा झालीच. प्रत्येकी २०० डॉलर दंड आणि १८ महिने प्रोबेशन. पण त्यासोबत भरपाईही ठरली. काही महिन्यांतच ती मुलं पुन्हा त्याच दारांवर गेली, या वेळी पैसे द्यायला.

त्यांच्यापैकी एकाचं नाव रस केली. लहानपणीच त्याचे आईवडील गेले होते. पुढे बऱ्याच वर्षांनी, मोठ्या वयात तो कॉलेजात कायदा आणि सुरक्षा हा विषय शिकत होता. वर्गात आलेले पाहुणे एल्मायराच्या या प्रकरणाबद्दल बोलायला लागले. तेव्हा त्याच्या लक्षात आलं, ही तर आपलीच गोष्ट! त्यानंतर तो अशाच कामात स्वयंसेवक झाला आणि स्वतःची गोष्ट उघडपणे सांगू लागला.

गावात हे जास्त का लागतं?

मोठ्या शहरात गुन्हा करणारा आणि सोसणारा पुन्हा कधी भेटतीलच असं नाही. गावात तसं नसतं. किराणा दुकान एक, एसटीचा थांबा एक, जत्रा एक. मुलगा शिक्षा भोगून आला तरी त्याला त्याच गल्लीतून जायचं असतं. एकमेकांशी बोलणंच झालं नसेल, तर एका घरात भीती राहते आणि दुसऱ्या घरात ‘चोराचं घर’ हा शिक्का. तो शिक्का धाकट्या भावंडांनाही सोसावा लागतो.

म्हणूनच या पद्धतीत तीन साधे प्रश्न विचारतात. कुणाला त्रास झाला? त्यांना आता कशाची गरज आहे? ती भागवण्याची जबाबदारी कुणाची?

न्यूझीलंडने १९८९ मध्ये यासाठी कायदाच केला. तिथे मुलगा, त्याचं कुटुंब, पोलीस आणि इच्छा असेल तर नुकसान सोसणारी व्यक्ती एकत्र बसतात आणि पुढे काय करायचं ते ठरवतात. या विचारामागे तिथल्या मूळच्या माओरी समाजाच्या परंपरेचाही वाटा आहे.

आपल्याकडे काय आहे?

आपल्या देशात १८ वर्षांखालच्या मुलांसाठी २०१५ चा बाल न्याय कायदा आहे. अशी प्रकरणं बाल न्याय मंडळापुढे जातात. मंडळात एक दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात. त्या दोघांत किमान एक महिला असावीच लागते. मंडळ मुलाला समज देऊन घरी पाठवू शकतं, समुपदेशन किंवा समाजसेवा करायला सांगू शकतं. मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय मानला जातो.

महाराष्ट्रातल्या वाचकांना तंटामुक्त गाव मोहीमही आठवेल. १५ ऑगस्ट २००७ ला सुरू झालेल्या या मोहिमेत समेट होऊ शकतील असे तंटे गावातच मिटवण्यावर भर होता. म्हणजे समोरासमोर बसून बोलणं आपल्याला नवं नाही.

पण इथेच सावध राहा

‘मिटवून टाका’ म्हणणं आणि न्याय करणं यांत फरक आहे. गावात ज्याचं वजन जास्त, त्याच्या बाजूने मिटवलं जातं, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. मुलगी असेल, गरीब घर असेल, तर ‘गावाची बदनामी नको’ म्हणून गप्प बसवलं जातं. हा पुनर्स्थापक न्याय नव्हे.

एल्मायरात लोकांना आधी न विचारताच मुलं दारात उभी राहिली होती. आज असं करत नाहीत. आधी नुकसान सोसणाऱ्याला वेगळं भेटतात. त्याने ‘नको’ म्हटलं, तर भेट होत नाही. लैंगिक अत्याचारासारखा गंभीर गुन्हा असेल, तर तो गावबैठकीत मिटवायचा विषयच नाही. तिथे पोलीस आणि कायदाच हवा.

घरातून सुरुवात

उद्या तुमच्या मुलाने कुणाची काच फोडली किंवा कुणाच्या शेतातले आंबे चोरले, तर दोन फटके देऊन विषय संपवू नका. त्याच्या वतीने तुम्हीच माफी मागून, पैसे देऊनही येऊ नका.

आधी त्या घरी विचारा, ‘त्याला घेऊन आलं तर चालेल का?’ ते हो म्हणाले तर सोबत जा, पण बोलू द्या त्यालाच. समोरचा रागावला तर मध्ये पडू नका, ऐकू द्या. भरपाईतला थोडा तरी वाटा त्याच्या कष्टाचा असू द्या. खाऊचे पैसे साठवून किंवा त्यांच्या अंगणात काम करूनही ते होईल.

आणि ती भरपाई झाली, की मग तो विषय पुन्हा काढू नका. पुढच्या भांडणात नाही, पाहुण्यांसमोर तर मुळीच नाही. त्या काकांनी त्याला माफ केलं असेल, तर घरच्यांनीही करायला हवं ना?