खोली भाड्याची की किल्ली घरची?

कपिलधार म्हटलं की मांजरसुंब्याजवळचा धबधबा आणि मन्मथस्वामींची समाधी आठवते. सर्व्हर काही आठवत नाही! पण समजा, बीडच्या कॉलेजातल्या तुमच्या ग्रुपनं ठरवलं, की कार्तिक पौर्णिमेच्या यात्रेसाठी वेबसाइट काढायची. एसटी कुठे थांबते, पार्किंग कुठे, पाणी कुठे, हरवलेल्या माणसाची नोंद कुठे करायची, हे सगळं त्यात. साइट झाली तयार. ठेवायची कुठे?

एकजण म्हणतो, ‘व्हीपीएस घेऊ.’ दुसरा म्हणतो, ‘पैसे कशाला? घरचा पीसी चालू ठेवू, रिमोट डेस्कटॉपनं कुठूनही बघू.’ ऐकायला दोन्ही सारखंच वाटतं. पण पहिली वस्तू आहे, दुसरी त्या वस्तूपर्यंत जायची वाट.

व्हीपीएस म्हणजे व्हर्च्युअल प्रायव्हेट सर्व्हर. डेटा सेंटरमधल्या एका दणकट कम्प्युटरचे हायपरव्हायजर नावाचं सॉफ्टवेअर अनेक भाग पाडतं. पुण्यातल्या वाड्यात भाड्यानं खोली घ्यावी तसं. जिना सगळ्यांचा, पण खोलीचं कुलूप तुमचं. ऑपरेटिंग सिस्टिम तुमची, रॅममधला वाटाही तुमचा. आणि हे वाडे सातासमुद्रापारच असतात असं नाही. मायक्रोसॉफ्टनं 2015 मध्ये पुण्यात आणि अ‍ॅमेझॉननं 2016 मध्ये मुंबईत आपली क्लाउड केंद्रं सुरू केली.

रिमोट डेस्कटॉपमध्ये नवा कम्प्युटर मिळतच नाही. असलेला आहे तिथेच राहतो. त्याच्या स्क्रीनचं चित्र तुमच्याकडे येतं, तुमचा माउस आणि कीबोर्ड तिकडे चालतो. मायक्रोसॉफ्टनं ही सोय 1998 मध्ये विंडोज एनटीच्या टर्मिनल सर्व्हर आवृत्तीत आणली. विंडोज टाकलेल्या व्हीपीएसमध्येही याच वाटेनं शिरतात, म्हणून तर गोंधळ होतो! लिनक्सच्या व्हीपीएसमध्ये मात्र बहुतेकदा एसएसएचनं जातात. तिथे चित्र नाही, फक्त अक्षरं येतात-जातात. त्यामुळे रेंज जेमतेम असली तरी काम निघतं.

मग घरचा पीसी का नको? लाइट गेली की साइट गेली, तीही नेमकी यात्रेच्या दिवशी. शिवाय अनेक इंटरनेट कंपन्या कितीतरी ग्राहकांना मिळून एकच पब्लिक आयपी देतात. त्यामुळे बाहेरचा माणूस तुमच्या पीसीपर्यंत सरळ पोचत नाही. उलट, घरच्या पीसीवर राहिलेली प्रोजेक्टची फाइल हवीय किंवा वडिलांच्या दुकानाचा हिशेब अडलाय, तर रिमोट डेस्कटॉपच बरा. त्यासाठी व्हीपीएसचं भाडं भरणं म्हणजे पैसे पाण्यात.

आणि साइटवर नुसती माहितीच असेल तर व्हीपीएसही नको. गिटहब पेजेसवर ती फुकट चालते. हरवलेल्या माणसांची नोंद घ्यायची, ती डेटाबेसमध्ये साठवायची, तेव्हा व्हीपीएसचा विचार करा. तिथे अपडेट, बॅकअप, फायरवॉल सहसा तुम्हालाच बघावं लागतं. पासवर्ड ‘१२३४५६’ ठेवलात, तर दिवसरात्र दारं ठोठावत फिरणारे बॉट आत शिरलेच म्हणून समजा. लिनक्स असेल तर पासवर्डऐवजी एसएसएच की वापरा.

रिमोटची वाट तर थेट घरात येते. फेब्रुवारी 2019 मध्ये रिझर्व्ह बँकेनं एनीडेस्कच्या आडून होणाऱ्या फसवणुकीबद्दल बँकांना सावध केलं होतं. भामटा गोड बोलून अ‍ॅप टाकायला लावतो, त्यावरचा नऊ आकडी कोड मागतो, परवानग्या द्यायला लावतो आणि तुमच्याच मोबाइलवरून खातं रिकामं करतो. अ‍ॅप तेच असतं, किल्ली कुणाच्या हातात दिली एवढाच काय तो फरक.

हे तुम्हाला कळलं, पण घरी आई-आजोबांना? ‘बँकेतून बोलतोय, एक अ‍ॅप टाका’ असा फोन त्यांनाही येऊ शकतो. यात्रेला घरी जाल तेव्हा वेबसाइट दाखवाच. पण त्याआधी एवढं सांगा: फोनवर कुणी कोड मागितला, तर द्यायचा नाही. सरळ फोन ठेवायचा.