पुरुषांच्या नाजूक जागेचा कॅन्सर : लाज सोडा, वेळेत तपासा



तोंडाच्या आणि स्तनाच्या कॅन्सरबद्दल आता वस्तीत उघड बोलले जाते. लिंगाच्या कॅन्सरबद्दल मात्र कोणी बोलत नाही. हा आजार फार जणांना होत नाही, पण ज्याला होतो तो बहुतेक वेळा उशिरा दवाखान्यात येतो. जखम दिसत असते, पण माणूस बायकोलाही सांगत नाही. 'गरमी झाली असेल' म्हणून मेडिकलवरून मलम आणतो नाहीतर जडीबुटीवाल्याकडे जातो. त्यात महिने निघून जातात.

हा कॅन्सर त्वचेतून सुरू होतो, बहुधा लिंगाच्या बोंडावर किंवा पुढच्या कातडीच्या आत. पन्नाशीनंतर जास्त दिसतो, पण तरुणालाही होऊ शकतो. पुढील लक्षणे ध्यानात ठेवा :

- तीन-चार आठवड्यांत न भरणारी जखम. ती दुखत नसली तरीही
- गाठ, चामखिळीसारखी वाढ किंवा लाल मखमली चट्टा
- कातडीखालून घाण वासाचा स्राव किंवा रक्त
- पूर्वी मागे जाणारी कातडी आता न जाणे
- जांघेत अवधाण

यातले काही दिसले म्हणजे कॅन्सरच आहे असे नाही. साधा जंतुसंसर्गही असू शकतो. पण ते ठरवायचे डॉक्टरांनी.

कारणे काय? कातडी मागे न गेल्याने आत मळ साचून राहतो व सतत सूज येते. तंबाखू, विडी-सिगारेट हे दुसरे कारण. तिसरे एचपीव्ही हा विषाणू. बायकांच्या गर्भाशयमुखाचा कॅन्सर ज्याने होतो, तोच हा. सुमारे निम्म्या रुग्णांत तो सापडतो. कॅन्सर स्वतः एकापासून दुसऱ्याला लागत नाही. विषाणू मात्र संबंधातून जातो, म्हणून रुग्णाच्या पत्नीनेही गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्यावी. यात कोणाच्या चारित्र्यावर बोट ठेवू नये. हा विषाणू खूप सर्वसाधारण आहे.

निदान बायोप्सीने होते. जागा बधिर करून छोटा तुकडा काढतात व तपासतात. तुकडा काढल्याने कॅन्सर पसरतो ही समजूत चुकीची आहे. मग जांघेतल्या गाठी हाताने, सोनोग्राफीने व सुईने तपासतात. हे फार महत्त्वाचे, कारण आजार पुढे सरकतो तो आधी जांघेत.

उपचार किती पसरले आहे त्यावर ठरतात. अगदी वरच्या थरात असेल तर खास मलम किंवा लेझर पुरते. हे मलम डॉक्टरच देतात, मेडिकलवरचे खाजेचे मलम नव्हे. कातडीपुरतेच असेल तर ती कातडी काढतात. काही जण 'सुंता म्हणजे धर्म बदलणे' म्हणून नकार देतात. ही शस्त्रक्रिया आहे, धर्मविधी नाही. आजार खोल गेला असेल तर लिंगाचा काही भाग काढावा लागतो. तरीही बहुतेकांना उभ्याने लघवी करता येते, अनेकांना संबंधही ठेवता येतात. फार उशीर झाला तर पूर्ण लिंग व जांघेतल्या गाठी काढाव्या लागतात, पुढे केमोथेरपी किंवा रेडिएशनही लागते. आठवडे आणि महिने वाचवणे म्हणजे काय वाचवणे, हे यावरून कळावे.

जायचे कुठे? आधी सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग किंवा सर्जरी ओपीडीत. तिथून परळच्या टाटा हॉस्पिटलला किंवा नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालयात पाठवता येते. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार येतात. रेशनकार्ड व आधारकार्ड सोबत न्या, रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. उपचारानंतर पहिली दोन वर्षे दर तीन महिन्यांनी तपासणी चुकवू नका.

रोज आंघोळीला कातडी मागे घेऊन साध्या पाण्याने धुवा. मुलांनाही मोठे होताना हे शिकवा, पण लहान मुलाची कातडी जोर लावून मागे ओढू नका. तंबाखू सोडा. आणि भगिनींनो, घरातला पुरुष काही लपवतो आहे असे वाटले तर रागावू नका, सोबत दवाखान्यात जा.